लग्नानंतर डब्ल्यू-४: ‘मॅरीड’ निवडलं की पगार वाढतो म्हणतात, खरं का?

सातारी_कंदी | १८ मार्च २०२६, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. मी टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. फेब्रुवारीत साताऱ्याला लग्न झालं आणि बायको गेल्या आठवड्यात एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर इकडे आली. तिला काम करायची परवानगी अजून नाही. माझा पगार वर्षाला १,२०,००० डॉलर, पेचेक दर दोन आठवड्यांनी.

ऑफिसात पेढे वाटले तर त्या बदल्यात सल्ले मिळाले. एक जण म्हणतो, डब्ल्यू-४ वर (पगारातून टॅक्स किती कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) लगेच मॅरीड कर, पेचेकला तीनशे डॉलर जास्त हातात येतील. दुसरा म्हणतो, अजिबात हात लावू नकोस, मॅरीड केलंस की पुढच्या एप्रिलमध्ये आयआरएस (इथलं टॅक्स खातं) मानगूट धरते. दोघांचीही लग्नं झालेली आहेत. एचआरला विचारलं तर ‘टॅक्सचा सल्ला आम्ही देत नाही’ हे ठरलेलं वाक्य.

शिवाय बायकोकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही. मग मॅरीड निवडता येतं का मुळात?

आबा_जर्सीवाले | १८ मार्च, रात्री १०:१५

प्रथम अभिनंदन! सूनबाईंना इकडची थंडी मानवो. (टेक्सासात कसली थंडी म्हणा.)

आमच्या वेळी त्या फॉर्मवर ०, १, २ असे अलाउन्स लिहायचे असत. मी जन्मभर सिंगल आणि शून्य लिहिलं. जास्तीत जास्त कापून जाऊ दे, एप्रिलमध्ये घसघशीत रिफंड येतो, त्यात मुंबईची तिकिटं निघतात. सुखाची झोप लागते. तुम्हीही तेच करा.

पेस्टब_वाचक | १८ मार्च, रात्री ११:०२

आबा, ते अलाउन्स २०२० मध्ये गेले. आता फॉर्मवर तो रकानाच नाही. ‘मॅरीड, पण सिंगलच्या दराने कापा’ हा चौकोनही तेव्हाच गेला. तरी ‘शून्य लिही’ हा सल्ला अजून लोकांच्या तोंडी आहे आणि नवीन मुलं फॉर्मवर शून्य कुठे लिहायचं ते शोधत बसतात.

कंदी, तुमचे दोन्ही सहकारी आपापल्या घरापुरते बरोबर असतील. डब्ल्यू-४ ला तुमच्या लग्नाशी फारसं देणंघेणं नाही, घरात पगार एक येतो की दोन एवढंच त्याला हवं असतं. ते का, हे कळायला पेरोलचं सॉफ्टवेअर काय करतं ते एकदा बघा. या पेचेकची रक्कम गुणिले २६, हा झाला वर्षाचा पगार. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी वजावट) वजा करायचं, उरलेल्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स काढायचा आणि त्याला २६ ने भागायचं. झालं. आधीच्या पेचेकना काय कापलं ते बघत नाही, आणि बायको कमावते का, किती कमावते, हे तर त्याला कळायला मार्गच नाही.

२०२६ साठी सिंगलचं स्टँडर्ड डिडक्शन १६,१०० आहे, जॉइंटचं, म्हणजे नवरा-बायकोने मिळून एकच रिटर्न भरलं तर, बरोबर दुप्पट, ३२,२००. सिंगलला १० टक्क्यांचा स्लॅब १२,४०० पर्यंत, १२ चा ५०,४०० पर्यंत, २२ चा १,०५,७०० पर्यंत. जॉइंटला हेसुद्धा दुप्पट: २४,८००, १,००,८०० आणि २,११,४००.

तुमचे १,२०,००० घेऊ. ४०१के (निवृत्तीची बचत) आणि विम्याचा हप्ता तूर्त बाजूला ठेवतो.

सिंगल म्हणून: टॅक्स लागतो १,०३,९०० वर. तो येतो १७,५७०. म्हणजे पेचेकला ६७६.
जॉइंट म्हणून: टॅक्स लागतो ८७,८०० वर. तो येतो १०,०४०. म्हणजे पेचेकला ३८६.

फरक २९०. तुमचा पहिला सहकारी म्हणतो ते तीनशे हेच. हे पैसे नंतर परत मागायला कोणी येणार नाही, कारण रिटर्न भरताना तुमचा टॅक्स खरोखरच १०,०४० होणार आहे. सिंगल ठेवलंत तर वर्षाचे ७,५३० डॉलर पुढच्या वसंतापर्यंत सरकारकडे बिनव्याजी पडून राहतील. जानेवारीपासून सिंगलने जे जास्त कापलं गेलंय ते रिफंडात येईलच. लग्नाचं स्टेटस ३१ डिसेंबरला काय आहे त्यावर अख्खं वर्ष ठरतं. अगदी ३१ डिसेंबरला संध्याकाळी लग्न लागलं तरी पूर्ण वर्ष मॅरीड.

सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के यांना मात्र लग्नाचं सोयरसुतक नाही, ते होते तसेच कापले जातील.

आता फॉर्म. स्टेप १(सी) मध्ये ‘मॅरीड फायलिंग जॉइंटली’. स्टेप २ कोरी सोडा, कारण घरात पगार एकच. स्टेप ३ मुलाबाळांसाठी आणि इतर अवलंबितांसाठी आहे. बायको तुमच्यावर अवलंबून असली तरी टॅक्सच्या भाषेत डिपेंडंट नसते, तिच्या नावाने ५०० डॉलर तिथे टाकू नका. स्टेप ४ कोरी. स्टेप ५ वर सही. बायकोचा एसएसएन फॉर्मवर कुठेच विचारलेला नाही, लग्नाचा दाखलाही लागत नाही. फॉर्म आयआरएसकडे जात नाही, कंपनीच्या दप्तरात राहतो. कंपनीला तो लागू करायला साधारण महिनाभराची मुभा असते, त्यामुळे पुढच्याच पेचेकला फरक दिसला नाही तर पेरोलवाल्यांना फोन करून हैराण करू नका.

टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणजे तुमचं काम एका फॉर्मवर भागलं.

सातारी_कंदी | १८ मार्च, रात्री ११:२०

बापरे, इतकं सविस्तर. मनापासून आभार. उद्याच करतो.

ओंजळ | १९ मार्च, सकाळी ७:३०

धागा वेळेवर आला. आम्ही सॅन होजेत. दोघांचेही पगार १,८०,०००, मेमध्ये कोल्हापूरला लग्न. म्हणजे आम्हीही परत आल्यावर दोघांच्या पोर्टलवर मॅरीड जॉइंट निवडायचं, आणि दोघांचे पेचेक वाढतील, बरोबर?

पेस्टब_वाचक | १९ मार्च, सकाळी ८:१०

थांबा, थांबा! कंदींचा दुसरा सहकारी ज्याला घाबरलाय ते हेच.

तुमच्या कंपनीला वाटेल हे एका पगाराचं घर आहे. ती तुमच्या १,८०,००० मधून जोडप्याचं पूर्ण ३२,२०० वजा करेल आणि खालचे स्लॅब दुपटीने वापरेल. त्यांच्या कंपनीलाही तसंच वाटेल, तीही पूर्ण ३२,२०० वजा करेल. डिडक्शन एक, वाटा दोघांनी पूर्ण घेतला.

आकडे: असं केल्यावर प्रत्येकाचे वर्षाला २१,९४० कापले जातील, दोघांचे मिळून ४३,८८०. खरा टॅक्स ३,६०,००० च्या एकत्र उत्पन्नावर ६३,८६८. म्हणजे रिटर्न भरताना १९,९८८ डॉलर खिशातून.

उपाय साधा आहे. मॅरीड जॉइंट निवडायचं आणि स्टेप २(सी) मधल्या चौकोनात खूण करायची. दोघांनीही आपापल्या फॉर्मवर. ती खूण केली की सॉफ्टवेअर डिडक्शन आणि स्लॅब अर्धे करून वापरतं. जॉइंटचं अर्धं म्हणजे सिंगलचंच, त्यामुळे प्रत्येकी ३१,९३४ कापले जातात आणि बेरीज होते बरोबर ६३,८६८. दुसऱ्या शब्दांत, तुम्ही दोघं आज आहात तसे सिंगल राहिलात तरी पेचेकवर एका डॉलरचा फरक पडणार नाही. (अगदी वरचा ३७ टक्क्यांचा स्लॅब सोडला तर. तिथे जॉइंटची मर्यादा दुप्पट नाही.)

ओंजळ | १९ मार्च, सकाळी ८:२५

म्हणजे आमचा फायदा काहीच नाही? सासूबाई म्हणत होत्या लक्ष्मी येते घरात.

फोडणीचा_भात | १९ मार्च, सकाळी ८:४०

लक्ष्मीवरही अर्धा टक्का सूट नाही इथे 😄

पेस्टब_वाचक | १९ मार्च, सकाळी ९:०५

फायदा सोडा, तुमच्याकडे आणखी एक बारीक भोक आहे. ॲडिशनल मेडिकेअर टॅक्स, ०.९ टक्के. कंपनी तो कापायला सुरुवात करते त्या एका माणसाचा पगार २,००,००० च्या वर गेल्यावर. तुम्ही दोघं १,८०,००० वर, म्हणून कुठलीच कंपनी एक सेंटसुद्धा कापणार नाही. पण जॉइंट रिटर्नला मर्यादा आहे एकत्र २,५०,०००. वरच्या १,१०,००० वर ०.९ टक्के म्हणजे ९९० डॉलर, फॉर्म ८९५९ वर. सिंगल असताना दोघांनाही हा टॅक्स नव्हता. एकाच्या डब्ल्यू-४ मध्ये स्टेप ४(सी) ला पेचेकमागे ४० डॉलर जास्तीचे कापायला सांगा, प्रश्न मिटला.

आरएसयू (कंपनीने दिलेले शेअर) असतील तर त्यांचा हिशोब वेगळा करा. बोनस आणि आरएसयूवर बहुतेक कंपन्या सरसकट २२ टक्के कापतात आणि तुम्ही दोघं मिळून २४ मध्ये आहात. सॅन होजेत ही रक्कम छोटी नसते.

कॅलिफोर्नियाचा डीई-४, म्हणजे राज्याचा डब्ल्यू-४, सुद्धा भरायचाय. तिथे पहिलाच पर्याय ‘सिंगल किंवा मॅरीड (दोन किंवा जास्त उत्पन्नं)’ असा आहे. राज्य सरकारने हा घोळ चौकोनातच सोडवून टाकलाय, फेडरलवाल्यांनी शिकण्यासारखं आहे. तुम्हाला तोच पर्याय. ‘मॅरीड (एक उत्पन्न)’ नको.

मधलं_घर | १९ मार्च, दुपारी १२:५०

आमच्यात ह्यांचा १,६०,००० आणि माझा ६०,०००. दोघांनीही २(सी) वर खूण केली तर?

पेस्टब_वाचक | १९ मार्च, दुपारी १:३०

ताई, थोडं जास्त कापलं जाईल. त्यांच्याकडून २७,१३४ आणि तुमच्याकडून ५,०२०, एकूण ३२,१५४. खरा टॅक्स ३०,७४०. म्हणजे १,४१४ रिफंड. पगारांत जितकी तफावत जास्त तितकं हे वाढतं. एवढं चालत असेल तर खूण करून मोकळ्या व्हा. चालत नसेल तर २(सी) ऐवजी २(बी): फॉर्मच्या मागचा तक्ता बघून येणारी रक्कम त्यांच्या, म्हणजे मोठ्या पगाराच्या, डब्ल्यू-४ वर ४(सी) मध्ये लिहायची. मुलं असतील तर स्टेप ३ पण त्याच एका फॉर्मवर, दोन्हीवर नाही.

किंवा आयआरएसच्या साइटवरचा विदहोल्डिंग एस्टिमेटर. दोघांचे ताजे पेस्टब (पगाराच्या स्लिपा) हाताशी घेऊन बसायचं. वर्षाच्या मध्यात बदल करणाऱ्यांसाठी तोच बरा, कारण आतापर्यंत किती कापलं गेलंय ते तो विचारात घेतो.

आबा_जर्सीवाले | १९ मार्च, दुपारी ४:००

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एप्रिलमध्ये काय निघेल ते भरून टाकावं की. सरकार काय फासावर देतं का?

कोर्टकचेरी | १९ मार्च, संध्याकाळी ६:१५

फासावर नाही, पण अंडरपेमेंटचा दंड लावतं, व्याजासारखा. सुटायचे रस्ते आहेत: देणं १,००० डॉलरच्या आत असेल, किंवा यंदाच्या टॅक्सच्या ९० टक्के वर्षभरात भरले असतील, किंवा गेल्या वर्षाच्या टॅक्सच्या १०० टक्के. गेल्या वर्षीचं उत्पन्न १,५०,००० च्या वर असेल तर १०० चे ११० टक्के. नवविवाहितांनी गेल्या वर्षीचा टॅक्स म्हणजे दोघांच्या वेगवेगळ्या रिटर्नमधल्या टॅक्सची बेरीज धरायची.

यातली सोयीची गोष्ट अशी की पगारातून कापलेला टॅक्स वर्षभर सारखा भरला असं धरतात. चूक नोव्हेंबरात लक्षात आली तरी शेवटच्या दोन-तीन पेचेकमधून ४(सी) ने दणकून कापून घेता येतं. स्वतःहून चेक पाठवणाऱ्यांना ही सवलत नाही, त्यांची तिमाही तारीख बघितली जाते.

ओपीटी_वाली | १९ मार्च, रात्री ८:४५

मी बॉस्टनमध्ये, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, ओपीटी (शिक्षणाशी जोडलेली कामाची परवानगी) सुरू आहे, इथे येऊन तिसरं वर्ष. जूनमध्ये लग्न, नवरा नागपूरलाच असणार. मीही स्टेप १ मध्ये मॅरीड निवडू?

कोर्टकचेरी | १९ मार्च, रात्री ९:२०

नाही. तुम्ही टॅक्सच्या दृष्टीने नॉनरेसिडेंट आहात. एफ-१ वाल्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस रेसिडेंट ठरवायच्या हजेरीत मोजत नाहीत. नॉनरेसिडेंटने लग्न झालेलं असलं तरी डब्ल्यू-४ वर सिंगलच लिहायचं आणि ४(सी) च्या खालच्या जागेत ‘एनआरए’ (नॉनरेसिडेंट एलियन) असं लिहायचं. जॉइंट रिटर्न तुम्हाला उपलब्ध नाही, कारण दोघांपैकी एक तरी वर्षअखेरीला रेसिडेंट किंवा नागरिक असावा लागतो. वर सांगितलेला एस्टिमेटरही तुमच्यासाठी नाही, तो नॉनरेसिडेंटना चुकीचं उत्तर देतो.

एक गोष्ट मात्र आपल्या पदरात आहे. नॉनरेसिडेंटना एरवी स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका कर कराराच्या २१(२) कलमामुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना मिळतं. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या चिनी मुलीला ते मिळत नाही. पेस्टबवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलेलं दिसलं तर तेही बंद करायला सांगा, पाच वर्षांच्या आत ते लागू नाही.

ओपीटी_वाली | १९ मार्च, रात्री ९:३०

कापतायत!! उद्या सकाळी पहिलं काम. धन्यवाद.

सातारी_कंदी | २१ मार्च, सकाळी १०:०५

डब्ल्यू-४ बदलला, दोन मिनिटांचं काम होतं. पण नवीनच गोष्ट निघाली. बायकोला आरोग्य विम्यात घ्यायचं म्हणून एचआरने लग्नाचा दाखला मागितला. मी पाठवला तर त्यांचा मेल आला की दाखल्यावर तारीख नोव्हेंबर २०२५ ची आहे, तुम्ही तर फेब्रुवारी लिहिलंय.

झालं असं की व्हिसाचं काम लवकर व्हावं म्हणून आम्ही नोव्हेंबरात नोंदणी कार्यालयात जाऊन, साक्षीदार उभे करून, सह्या केल्या होत्या. घरच्यांच्या लेखी लग्न फेब्रुवारीचंच. पत्रिका, मंगलाष्टकं, पंगती सगळं तेव्हा. विम्याचं एचआर बघेल म्हणाले. पण टॅक्सला यातली कुठली तारीख धरायची? २०२५ चं रिटर्न अजून भरलेलं नाही, सिंगल म्हणून भरणार होतो.

फोडणीचा_भात | २१ मार्च, सकाळी १०:२०

या धाग्याने वळण घेतलं राव.

आबा_जर्सीवाले | २१ मार्च, सकाळी १०:४०

अहो, अक्षता पडल्या ते लग्न. २०२५ सिंगल भरून टाका, कोण बघतंय?

कोर्टकचेरी | २१ मार्च, सकाळी ११:३०

आबा, तुमच्याबद्दल आदर राखून सांगतो, हे चालणार नाही. नोंदणी कार्यालयात विशेष विवाह कायद्याखाली सह्या झाल्या त्या दिवशीच लग्न पूर्ण झालं. फेब्रुवारीतला सोहळा घरच्यांसाठी खरा, कायद्यासाठी नाही. जिथे लग्न झालं तिथल्या कायद्याने ते वैध असेल तर आयआरएसलाही वैध. ‘कोण बघतंय’ म्हणाल तर, एच-४ चा व्हिसा त्याच नोव्हेंबरच्या दाखल्यावर मिळालाय. एकाच सरकारच्या एका खात्याला नोव्हेंबरपासून विवाहित सांगायचं आणि दुसऱ्याला डिसेंबरअखेर अविवाहित, हे उद्या ग्रीन कार्डच्या वेळी समोर आलं तर निस्तरत बसाल.

(उलटी केसही असते. लग्न विधिवत लागलं, नोंदणी मात्र वर्षभराने केली. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी राहिली म्हणून लग्न अवैध ठरत नाही, तिथे सप्तपदीची तारीख धरायची. तुमच्याकडे क्रम उलटा आहे.)

तेव्हा ३१ डिसेंबर २०२५ ला तुम्ही विवाहित होता. सिंगल हा पर्याय गेला. राहिले दोन: मॅरीड सेपरेट किंवा जॉइंट.

सेपरेट सोपं. बायकोच्या एसएसएनच्या जागी ‘एनआरए’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. टॅक्स जवळपास सिंगलइतकाच.

जॉइंटसाठी बायको २०२५ मध्ये एकही दिवस इथे नव्हती, तरी तिला वर्षभर रेसिडेंट धरा असं दोघांनी लिहून द्यावं लागतं. कलम ६०१३(जी). एक कागद, दोघांची नावं-पत्ते, दोघांच्या सह्या, रिटर्नला जोडायचा. त्याची किंमत अशी की तिचं जगभरातलं २०२५ चं उत्पन्न इथल्या रिटर्नवर येतं. आणि ही निवड पुढच्या वर्षांनाही चालू राहते. एकदा मोडली की दोघांपैकी कोणालाही परत कधी करता येत नाही.

वहिनी २०२५ मध्ये नोकरी करत होत्या का?

सातारी_कंदी | २१ मार्च, सकाळी ११:४५

हो, पुण्यात, हिंजवडीला. वर्षाला १२ लाख. पीपीएफ आहे, आणि दोन म्युच्युअल फंडांत एसआयपी.

पेस्टब_वाचक | २१ मार्च, दुपारी २:१५

आकडे मांडून बघितले. १२ लाख म्हणजे १४,००० डॉलरच्या आसपास धरू. २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन सिंगल-सेपरेटला १५,७५० आणि जॉइंटला ३१,५००.

सेपरेट: तुमच्या एकट्याच्या १,२०,००० वर १७,८६७.
जॉइंट: दोघांच्या १,३४,००० वर १२,३७८.

फरक ५,४८९, आणि तिने भारतात टॅक्स भरला असेल तर त्याचं क्रेडिट फॉर्म १११६ वर आणखी. पण त्या क्रेडिटवर भिस्त ठेवू नका. एप्रिल २०२५ पासून नव्या रिजीममध्ये पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत तिकडे टॅक्सच नाही, म्हणजे क्रेडिट असेल तर जानेवारी ते मार्चपुरतं.

आणि इथे फॉर्म १६ उपयोगाचा नाही. तो एप्रिल ते मार्चचा, इकडे हिशोब जानेवारी ते डिसेंबर. बाराही महिन्यांच्या सॅलरी स्लिप काढायला सांगा. नोकरी सोडलेली असेल तर कंपनीचं पोर्टल बंद व्हायच्या आत.

पीपीएफचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इकडे उत्पन्नात धरायचं. म्युच्युअल फंड मात्र खरी डोकेदुखी. आयआरएसच्या लेखी ते पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी), फॉर्म ८६२१, आणि कराचे नियम जाचक. सीएकडे जायचं असेल तर ते या कारणासाठी जा, बाकीचं तुम्ही स्वतः करू शकता. फंडांत रक्कम किती आहे त्यावर जॉइंट परवडतं का ते ठरेल. आणि ती आता इकडे राहायला आलीय, म्हणजे २०२६ पासून हा फंडांचा प्रश्न तसाही तुमच्या दारात येणारच.

सातारी_कंदी | २१ मार्च, दुपारी ३:००

फंडांत मिळून दोन लाख रुपये असतील. मग जॉइंटच. पण एसएसएन नाही तर रिटर्न भरायचं कसं?

कोर्टकचेरी | २१ मार्च, दुपारी ४:१०

आयटीआयएन, म्हणजे एसएसएन मिळू न शकणाऱ्यांचा टॅक्स नंबर. त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७ भरायचा आणि रिटर्नसोबत जोडून कागदी पाठवायचा, ई-फाइल होत नाही. नंबर यायला एरवी सात आठवडे, या हंगामात नऊ ते अकरा धरा.

डब्ल्यू-७ वर नाव पासपोर्टवर आहे तेच. आपल्याकडे लग्न झालं की उत्साहाने नवऱ्याचं नाव मधे आणि सासरचं आडनाव शेवटी लिहायला सुरुवात होते, पण पासपोर्टवर अजून वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. अर्ज त्यावर परत येतो. नाव बदलायचंच असेल तर आधी पासपोर्ट, मग बाकी सगळं.

मधलं_घर | २१ मार्च, दुपारी ४:३०

किंवा बदलूच नका 🙂

ओंजळ | २१ मार्च, दुपारी ४:३५

+१

आमचीही नोंदणी एप्रिलमध्ये आहे, सोहळा मेमध्ये. एकाच वर्षात आहे म्हणून बचावलो म्हणायचं.

पेस्टब_वाचक | २१ मार्च, संध्याकाळी ७:२०

कंदी, २०२६ च्या डब्ल्यू-४ वर जे केलंत ते तसंच राहू द्या. वहिनी मार्चमध्ये आल्या, डिसेंबरपर्यंत इथेच राहिल्या तर रेसिडेंट ठरायला लागणारे १८३ दिवस सहज भरतात, आणि निवड चालू राहणार असल्याने जॉइंटला अडचण नाही. तुमचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन त्यांना ईएडी (कामाची परवानगी) मिळालं आणि त्या नोकरीला लागल्या की मात्र त्याच आठवड्यात दोघांनी डब्ल्यू-४ नव्याने भरायचे, २(सी) वर खूण करून.

सातारी_कंदी | २१ मार्च, रात्री ९:५०

शेवटचा प्रश्न. डब्ल्यू-७ सोबत मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायचा असं एका ठिकाणी वाचलं. बायको तयार नाही, आणि मलाही धीर होत नाही. त्यात १५ एप्रिल जवळ आली.

कोर्टकचेरी | २१ मार्च, रात्री १०:३०

पाठवू नका, गरज नाही. आयआरएसने मान्यता दिलेले सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंट असतात, ते समोर बसून पासपोर्ट तपासतात आणि लगेच परत देतात. राज्यवार यादी आयआरएसच्या साइटवर आहे, डॅलस परिसरात मिळून जाईल. फी घेतात, आधी फोनवर विचारून घ्या. फी द्यायची नसेल तर आयआरएसच्या काही टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरमध्ये हेच काम फुकट होतं, पण वेळ आधी ठरवावी लागते आणि आत्ता ती मिळणं कठीण.

१५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ टाका, १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. ही मुदत फक्त रिटर्न भरायला असते, पैसे भरायला नाही. पण तुमचं वर्षभर सिंगलने कापलं गेलंय, देणं निघायचं नाही, उलट येणंच आहे. तेव्हा स्लिपा जमवा, एजंटची वेळ घ्या आणि मेमध्ये शांतपणे पाठवा.

घाई असेल तर आत्ता सेपरेट भरून तीन वर्षांच्या आत १०४०-एक्सने (रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म) जॉइंट करता येतं. उलटं, म्हणजे जॉइंटचं सेपरेट, मुदतीनंतर करता येत नाही. पण तुमच्या केसमध्ये दोनदा काम कशाला?

सातारी_कंदी | २२ मार्च, सकाळी ९:१५

४८६८ आजच टाकतो. एका एजंटला मेसेज केलाय, म्हणाला नोंदणी दाखल्याची प्रत पण आणा. बायको स्लिपा डाउनलोड करतेय, जानेवारी आणि फेब्रुवारी २०२५ च्या सापडल्या नाहीत, तिने जुन्या एचआरला मेल टाकलाय.

फोडणीचा_भात | २२ मार्च, सकाळी ९:४०

त्या दोन महिन्यांचे बँक स्टेटमेंट काढून ठेवा तोवर. जुनं एचआर उत्तर देतं यावर माझा विश्वास नाही.